अभय कुणाला?

परवा सकाळी दुसरा चहा घेत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या जुन्या शाळेतल्या एक शिक्षिका बोलत होत्या. मी २००९ साली निवृत्त झाले, त्या त्याच्या आदल्याच वर्षी लागलेल्या, त्यामुळे अजूनही मला 'बाई' म्हणतात. म्हणाल्या, "बाई, यंदा सहावी-सातवीची सहल कर्नाळ्याला न्यायचं चाललंय. दीडशेच्या आसपास मुलं होतील. तुम्ही इतक्या वेळा नेली आहेत, काय काय तयारी करायची ते सांगा ना जरा."

मी पटकन म्हणून गेले, "नेऊ नका."

पलीकडे एकदम शांतता. मग मीच सावरून घेतलं, "म्हणजे न्या हो, पण अशी नेऊ नका." त्यांना काही कळलं नसणार. मलाही फोनवर नीट सांगता आलं नाही. एक तर हल्ली फोनवर लांबण लावलं की मला निम्मं ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे, जे सांगायचं होतं ते माझ्याच चुकीबद्दलचं होतं. ते असं घाईघाईत सांगणं जमेना. म्हणून इथे सविस्तर लिहायला बसलेय. आमच्या घरातली मंडळी वाचतीलच. अमेरिकेतला भाचा नेहमीप्रमाणे "मावशी, छान लिहिलंयस, पण ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक आहे" असं कळवेल. मराठीच्या बाईंची चूक काढण्यात त्याला कोण आनंद! असो.

ज्यांनी कर्नाळा पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा, मग शिरढोण, म्हणजे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, आणि त्याच्या पुढे कर्नाळा. पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटर. मधोमध किल्ला आणि त्यावर उभा अंगठा दाखवावा तसा सुळका. हा सुळका इतका ओळखीचा की गोव्याकडून येणारा माणूस तो दिसला की "आलं पनवेल" म्हणून सामान आवरायला लागतो. किल्ल्याभोवतीचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, म्हणजे कर्नाळा त्या कायद्यापेक्षाही जुनं. सुरुवातीला ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २००३ मध्ये वाढवून साधारण बारा केलं. बारा चौरस किलोमीटर म्हणजे फार नव्हे हो. आणि त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो.

मी नोकरीला लागले १९७४ साली. पहिली सहल नेली १९७६ मध्ये, शेवटची २००८ मध्ये. मधल्या काळात पंधरा-सोळा वेळा तरी मी मुलांना घेऊन कर्नाळ्याला गेले असेन. जवळ, स्वस्त, दिवसात परत येता येतं, किल्ला आहे म्हणून इतिहास झाला, जंगल आहे म्हणून विज्ञान झालं. एका सहलीत दोन विषय! मुख्याध्यापक खूश, पालक खूश.

सहल कशी असायची ते डोळ्यांसमोर आणा. दोन बस, शंभर-सव्वाशे मुलं. पनवेल सोडायच्या आतच गाण्याच्या भेंड्या सुरू. शिरढोणला बस थांबवून फडक्यांबद्दल दहा मिनिटं माझं भाषण. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते हे सांगितलं की मुलं कान टवकारायची. मग फाटकाशी उतरून रांगा, आणि मोजणी. सहलीला गेलेल्या शिक्षकाचं सगळं लक्ष मोजणीत असतं हे तुम्हाला कुठलाही शिक्षक सांगेल. माझ्या गळ्यात शिट्टी असायची. कुणी रांग मोडली की शिट्टी, कुणी मागे राहिलं की शिट्टी, पाणी प्यायला थांबायचं तरी शिट्टी. आणि शिवाय माझा आवाज. माझा आवाज शाळेत प्रसिद्ध होता. पहिल्या मजल्यावरून हाक मारली तर मैदानाच्या टोकाचा मुलगा जागच्या जागी उभा राहायचा. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू!

त्या काळी आत शिरल्यावर पिंजरे होते. पोपट वगैरे पक्षी असायचे त्यात. मुलं पिंजऱ्यांभोवती गर्दी करायची, जाळीतून बोटं घालायची. मी वहीत लिहून घ्यायला सांगायची, "आज पाहिलेले पक्षी". सगळ्यांच्या वहीत सारखीच नावं. मग किल्ला. मुलांना घेऊन चढायला दोन तास. वर पोचल्यावर महाराजांचा जयजयकार, आणि त्याचा प्रतिध्वनी कसा येतो ते बघायला पुन्हा जयजयकार. १६५७ साली महाराजांनी किल्ला घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. सनावळी माझी अजून पाठ आहे. वर डबे, चिवडा, संत्री. उतरताना माकडांना चिवडा टाकण्याची स्पर्धा. संध्याकाळी पाचला बसमध्ये शेवटची मोजणी. सगळी भरली की मी डोळे मिटून देवाला नमस्कार करायची.

आता खरं सांगते. या पंधरा-सोळा सहलींत मी एकाही मुलाला झाडावर बसलेला एक पक्षी धडपणे दाखवला नाही. पक्षी अभयारण्यात! कावळा आणि घार सोडा. सामान्यज्ञानाच्या तासाला मी वर्षानुवर्षं घोकून घेतलं, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण. कर्नाळ्यात एका पायवाटेचं नावच हरियाल आहे. त्या पाटीसमोर मी मुलांच्या रांगा लावल्या आहेत. पण हरियाल मीही पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही याचं काही वाटलंही नव्हतं. "पक्षी दुपारी दिसत नाहीत," असं मी मुलांना सांगायची. दिसणार कसे? आम्ही येतोय हे त्यांना अर्धा मैल आधीच कळत असणार.

एक प्रसंग सांगायलाच हवा. १९८६ ची सहल. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं लटकलेली असतात. सुळक्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी कोरलेली आहेत, तिथे मुलं पाणी बघत होती. पाच-सहा जणांना वाटलं, बघू या आपला दगड मोहोळापर्यंत पोचतो का. मी दुसऱ्या टोकाला मोजणीत. एकदम किंकाळ्या ऐकू आल्या. पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. साड्यांचे पदर, टॉवेल, दप्तरं, जे हाती येईल ते मुलांच्या डोक्यावर टाकत आम्ही खाली पळत सुटलो. सात मुलांना माशा चावल्या. एकाचा डोळा इतका सुजला की दोन दिवस उघडला नाही. देवाच्या दयेने त्यापलीकडे काही झालं नाही, पण तो मुलगा बसमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, काय झालं असतं, काय झालं असतं...

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्या दगड मारणाऱ्यांना छड्या दिल्या. आणि बाकीच्या वर्गाला सांगितलं, "जंगलात धोका असतो, म्हणून शिक्षकांचं ऐकायचं." बस, एवढंच. माशांच्या घरावर आपण दगड मारला, चूक आपली होती, हे वाक्य माझ्या तोंडून त्या वर्षी निघालं नाही. कारण ते मला सुचलंच नव्हतं. जंगल म्हणजे आपल्याला सहलीला दिलेली जागा, आणि माशा म्हणजे तिथला अडथळा, असंच माझ्या डोक्यात होतं. बी.ए. झालेली, दहा-बारा वर्षं शिकवत असलेली बाई मी!

निवृत्तीनंतर कर्नाळा मागे पडलं. गुडघे कुरकुरू लागले. मग कान. आधी वाटायचं, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मग सूनबाईंनी एकदा प्रेमाने सांगितलं, "आई, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातोय." तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. म्हणाले, वयाबरोबर आधी उंच पट्टीतले बारीक आवाज जातात, जाड आवाज बरेच दिवस राहतात. मी म्हटलं, बारीक आवाज म्हणजे कसले? ते सहज म्हणाले, "उदाहरणार्थ, पक्ष्यांचे." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. यंत्र लावलं, घरी आले.

ते वाटलं २०२५ च्या जून महिन्यात. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला होता, आठवत असेल तुम्हाला. पुण्याची नात सुट्टीला आलेली, पाचवी संपवून सहावीत जाणार होती. तिने कुठून तरी पक्ष्यांचं पुस्तक मिळवलेलं आणि रोज गच्चीवर दुर्बीण घेऊन उभी. म्हणाली, "आजी, तू म्हणतेस ना तू कर्नाळ्याला खूप वेळा गेलीस. मग मला ने ना." मी टाळत होते. शेवटी पनवेलमधला भाचा म्हणाला, "मावशी, मी गाडीने सोडतो दोघींना, किल्ला चढूच नकोस, खालच्या वाटेवर फिर."

सकाळी अगदी लवकर पोचलो. पाऊस रात्री पडून थांबलेला. फाटकापाशी पिशव्या तपासल्या, प्लास्टिकच्या बाटल्यांची नोंद झाली. ही गोष्ट मला आवडली. आमच्या वेळी असतं तर आमच्या दोन बसच्या कचऱ्याचा हिशोब लागला असता. आत शिरलो. ओली माती, वाटेवर छोटे खेकडे, झाडांवरून टपटप पाणी. नात चार पावलं गेली आणि थबकली. माझा हात घट्ट धरून कुजबुजली, "आजी, किती आवाज येतायत ना! सगळीकडून!"

मला महामार्गावरचे ट्रक ऐकू येत होते. फक्त ट्रक. यंत्राचा आवाज वाढवला, तर ट्रक आणखी मोठे झाले.

मी तिला काही बोलले नाही. "हो ग," म्हटलं आणि चालत राहिले. पण मंडळी, त्या दहा-पंधरा पावलांत माझ्या मनाचं जे झालं ते लिहून सांगणं कठीण आहे. माझे कान धड होते तेव्हा मी इथे पंधरा-सोळा वेळा येऊन गेले होते. हे सगळे आवाज तेव्हाही इथेच होते. आणि मी शिट्टी वाजवत होते.

पुढे एक सपाट दगड मिळाला. नातीला म्हटलं, माझे गुडघे दुखतायत, इथेच बसू. बसलो. पाच मिनिटं काही नाही. नात चुळबुळ करायला लागली. दहा मिनिटांनी तिने माझ्या गुडघ्यावर बोटांनी दोनदा वाजवलं. आमचं ठरलं होतं, काही दिसलं तर बोलायचं नाही, बोट वाजवायचं. वरच्या फांदीवर काळाभोर भृंगराज, शेपटीच्या दोन लांब काड्या आणि टोकाला फुलं लावल्यासारखी पिसं. हा पक्षी मोठा नकल्या, इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. आणि त्याच्याबरोबर इतर लहान पक्ष्यांचा मिश्र थवा हिंडतो. त्यांच्या हालचालीने किडे उडाले की ते भृंगराजाला आयते मिळतात. खरंच, त्याच्या मागून एकामागून एक छोटे पक्षी येत गेले. नात वहीत लिहीत होती. नाव माहीत नसेल तर नुसतं वर्णन लिहीत होती, 'पोट पिवळं, शेपूट हलवतो'. मला तिची ती पद्धत फार आवडली. मी मुलांकडून नुसती नावं लिहून घेतली होती.

बसलेलो असतानाच ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू आली. चांगली मोठी, माणसासारखी. कुणी पोरगा गाणं आठवत, चुकत, पुन्हा सुरुवात करत शीळ घालत चाललाय असं वाटावं. आणि मला ती ऐकू आली! स्पष्ट. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कोण रे तो?"

नात तोंड दाबून हसायला लागली. "आजी, तो पक्षी आहे! शीळकरी कस्तूर!" मग तिने पुस्तकात दाखवला. निळसर काळा, खांद्यावर आणि कपाळावर चमकता निळा रंग. पावसाळा सुरू झाला की हे पठ्ठे पहाटेपासून गातात. इंग्रज लोक त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हणत असत. म्हणजे पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने हटकलं त्यात नवल नाही. त्याची शीळ इतर छोट्या पक्ष्यांच्या किलबिलाटाइतकी बारीक नसते, म्हणून माझ्या वाट्याला ती आली. तो बराच वेळ गात होता. मग फाटकाच्या बाजूने एक मोठा घोळका आला, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं मोठ्याने लागलेलं. कस्तूर गप्प झाला तो झालाच. भृंगराजही गेला. घोळक्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "काकू, काही दिसतं का हो इथे? आम्हाला तर एक पक्षी दिसला नाही. उगाच पैसे घालवले."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तेहेतीस वर्षं मीच तो घोळका घेऊन येत होते.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत, १८ जूनला, मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी आली. वनखात्यात नोकरी केलेला हा माणूस, कर्नाळ्याच्या जडणघडणीतही त्यांचा हात होता. मराठीच्या शिक्षकांनी तर त्यांचे ऋण कधी विसरू नयेत. जंगलातल्या गोष्टींना त्यांनी मराठी शब्द दिले. पक्षी रात्री मुक्कामाला जमतात त्या जागेला 'रातनिवारा'. किती साधा, किती नेमका शब्द! असे शब्द खोलीत बसून सुचत नाहीत. संध्याकाळ होईपर्यंत झाडाखाली गप्प बसलेल्या माणसाला सुचतात.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा एक शब्द घोळतोय. अभयारण्य. कितीदा फळ्यावर लिहिला असेल! संधी सोडवून घेतली असेल, अभय अधिक अरण्य, आ आणि एका मार्काला पूर्ण गुण. पण 'अभय कुणाला?' हा प्रश्न मी कधी वर्गाला विचारला नाही. जिथे भीती नाही असं अरण्य. कुणाला भीती नाही? आपल्याला नव्हे. आपल्याला भीती नसलेल्या जागा पुष्कळ आहेत. त्यांना. आणि त्यांना भीती कुणाची? तर आपलीच. म्हणजे अभयारण्य हे नाव वाचतानाच खरं तर आपण थोडं शरमून, चपला बाहेर काढल्यासारखं आत जायला हवं. पक्ष्याचा आवाज ही काही आपली करमणूक नाही. तो जोडीदाराला बोलावत असतो, ही जागा माझी आहे असं शेजाऱ्याला बजावत असतो, पिल्लांना ससाण्याची खबर देत असतो. आपल्या गोंगाटात ते सगळं बुडतं. कुणी आपल्या स्वयंपाकघरात घुसून ताशा वाजवला तर आपलं काय होईल, तेच.

आता तुम्ही म्हणाल, मग काय मुलांना जंगल दाखवूच नये? माझ्या त्या शिक्षिकाबाई हेच म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे. आमच्या शाळेत येणारी निम्मी मुलं अशा घरांतली, जिथे वर्षातून एकदा बाहेर पडायचं म्हणजे शाळेची सहल. बसचं भाडं दीडशे मुलांत वाटलं तरच ते त्यांना परवडतं. वीस मुलं न्यायची म्हटली तर कोणती वीस? हुशार? पैसे भरू शकणारी? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मागे एक जुना विद्यार्थी भेटला होता, आता त्याची स्वतःची मुलं कॉलेजात आहेत. त्याला विचारलं, कर्नाळ्याच्या सहलीतलं काय आठवतं? म्हणाला, "बाई, तुम्ही बसमध्ये भेंड्यांत हरलात ते!" पक्षी नाही, किल्ला नाही. पण चेहरा काय फुलला होता त्याचा! तो आनंद मी खोटा कसा म्हणू? तो मुलांचा हक्कच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच दिवसात उरकतो म्हणून दोन्ही बिघडतात. मुलांना ओरडायला, पळायला, भेंड्या खेळायला मोकळी जागा हवीच. ती मोठी सहल दणक्यात करा. बाग आहे, मैदान आहे, तिथे न्या. हवी तेवढी शिट्टी वाजवा. आणि कर्नाळ्याला सहल नेऊच नका. तिथे वर्ग न्या. एका वेळी वीस मुलं. शनिवारची सकाळची शाळा असते, तेवढ्या वेळात. बारा किलोमीटर तर आहे, एस.टी.ने जाता येतं, आख्खी बस भाड्याने घ्यायची गरज नाही. दीडशे मुलांचे सात-आठ शनिवार झाले. पावसाळ्यानंतर सुरुवात केली तर उन्हाळ्याच्या आत सगळ्यांची पाळी येते. कुणी वगळलं जात नाही.

आणि तिथे जाऊन काय करायचं? बसायचं. किल्ला नाही, माकडांना चिवडा नाही. अर्धा तास एका जागी बसायचं आणि काय ऐकलं, काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. नाव आलं नाही तरी चालेल. सहावीतली मुलं अर्धा तास गप्प बसतील का? पहिली दहा मिनिटं नाही बसणार. मग बसतील. माझी नात बसली, आणि ती काही फार शांत मूल आहे असं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात किहीमला सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणीची घरटी पाहिली, ती काही चालता चालता नव्हे. महिनेच्या महिने, दिवसदिवस एका जागी बसून. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच पुढचं काम, आणि तोच नर पुढे दुसरं घरटं विणून दुसऱ्या मादीची वाट बघतो, हे सगळं त्यांना कळलं ते बसून राहिल्यामुळे. शाळेत आपण मुलांना बोलायला शिकवतो, वाचायला शिकवतो, वक्तृत्वाच्या स्पर्धा घेतो. ऐकायला शिकवण्याचा तास वेळापत्रकात कुठे आहे? "गप्प बसा" ही शाळेत शिक्षा आहे. तिथे ते बक्षीस असतं हे मुलांना एकदा कळू दे.

आणखी एक. आपल्याला वाटतं जंगल कुठे जातंय, पुढच्या वर्षी बघू. पण पनवेलचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. माझ्या लग्नाच्या वेळी जिथे भातशेती होती तिथे वीस-वीस मजले उभे आहेत. २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला. ही वाढ थांबवणं आपल्या हातात नाही, आणि माझा मुलगा त्याच वाढीवर नोकरी करतो, तेव्हा मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? पण त्या बारा चौरस किलोमीटरच्या आत आपण कसं वागायचं, हे मात्र अगदी आपल्या हातात आहे. त्याला परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. आणि जंगल राहिलं तरी आपले कान राहतीलच असं नाही, हे मी सांगायला नकोच.

काल संध्याकाळी मीच त्या शिक्षिकांना फोन केला. हे सगळं सांगितलं, थोडक्यात. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, पटतंय मला. पण सात-आठ शनिवार मुलांना घेऊन जाणार कोण? आम्ही मोजून तिघी आहोत." मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, "मी येते."

"तुम्ही?" त्या हसल्याच. "बाई, तुमचे गुडघे? आणि तुम्हाला तर..." पुढचं त्यांनी भिडेने गिळलं.

म्हटलं, "मला ऐकू येत नाही, हो. पण वीस जणांच्या आधी जाऊन गप्प बसायला कान लागत नाहीत. आणि कस्तुराची शीळ मला येते ऐकू."

मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाल्या. बघू काय होतं. जुनी शिट्टी मात्र मी कपाटातून काढून नातीकडे पुण्याला पाठवून दिली आहे. तिच्या शाळेचं मैदान मोठं आहे.